विकृति कीं वेगळी रुचि ?

महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यांत हल्लीं 'किंक' हा शब्द येऊं लागला आहे. घरांतील वडील माणसांच्या कानांवर तो पडला तर बहुधा त्याचा अर्थ कळत नाहीं. आणि कळलाच, तर ऐकलें नाहीं असें दाखविण्याकडे कल असतो. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ अगदीं साधा आहे : दोरीला किंवा तारेला पडलेला पीळ. त्यावरून, कामेच्छेनें रूढ वाट सोडून घेतलेलें वेगळें वळण, असा त्याचा लाक्षणिक अर्थ झाला. असला विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, अशी शंका कित्येकांस येईल. शंका स्वाभाविक आहे. तिचें उत्तर आधीं दिलें पाहिजे.

समजा, वसतिगृहांत राहून शिकणारा वीस वर्षांचा एक विद्यार्थी आहे. अभ्यासांत बरा, स्वभावानें भिडस्त. आपल्या मनांत येणाऱ्या कामविषयक कल्पना मित्रांच्या कल्पनांसारख्या नाहींत, हें त्याला हळूहळू उमगलें आहे. कोणास विचारावें हें त्याला सुचत नाहीं. इंटरनेटवर एके ठिकाणीं तो वाचतो, कीं हा भयंकर मानसिक रोग आहे. दुसऱ्या ठिकाणीं वाचतो, कीं यांत कांहींच वावगें नाहीं, मनास येईल तें बेलाशक करावें. दोन्हीं उत्तरें चुकीचीं आहेत, आणि खरें उत्तर सांगणारें माणूस त्याला भेटत नाहीं. त्याची झोप उडते, परीक्षेंत तो मागें पडतो, आणि घरून फोन आला म्हणजे "सगळें ठीक आहे" एवढेंच म्हणतो. मुलगा कीं मुलगी, हा भेद येथें नाहीं. मुलीची कुचंबणा उलट अधिकच. असें मूल कोणत्याहि घरचें असूं शकतें. म्हणूनच हा विषय घरांत वाचण्याचा आहे.

प्रथम शब्दाची मर्यादा ठरवूं. एकानें आज्ञा करावी व दुसऱ्यानें ती पाळावी असा खेळ, बांधण्याची किंवा बांधून घेण्याची आवड, मर्यादित वेदनेंत वाटणारें सुख, एखाद्या विशिष्ट वस्त्राविषयीं वा वस्तूविषयीं आकर्षण, नाटकांतल्याप्रमाणें निराळी भूमिका घेणें, अशा गोष्टींस सामान्यतः 'किंक' म्हणतात. त्या दोन सज्ञान माणसांनीं परस्परांच्या संमतीनें करावयाच्या असतात, हें या व्याख्येचें हृदय होय. चोरून दुसऱ्यास न्याहाळणें, गर्दींत परक्याच्या अंगाशीं लगट करणें, लहान मुलांवर पापदृष्टि ठेवणें, हे प्रकार यांत मोडत नाहींत. तेथें दुसऱ्याची संमति नसते, किंवा असूंच शकत नाहीं. तेथें रुचीचा प्रश्न संपतो आणि अपराधाचा सुरू होतो.

हें सारें पाश्चात्त्यांकडून आलें, असें म्हणण्याची आपल्याकडे संवय आहे. तिला आधार नाहीं. वात्स्यायनानें पंधराशेंहून अधिक वर्षांपूर्वीं 'कामसूत्रां'त नखक्षत, दंतक्षत आणि प्रहार यांचा विचार स्वतंत्र प्रकरणें योजून केला आहे. आणि त्याच ठिकाणीं त्यानें धोक्याचीं उदाहरणेंहि नांवनिशीवार दिलीं आहेत. कुंतल देशाचा राजा शातकर्णि सातवाहन, म्हणजे आपल्या पैठणला ज्यांची राजधानी होती त्याच घराण्यांतील एक पुरुष. त्याच्या हातून 'कर्तरी' नांवाच्या प्रहारानें त्याची महादेवी मलयवती प्राणास मुकली. चोल राजाच्या हातून चित्रसेना नांवाची गणिका तशीच मेली. नरदेव नांवाच्या आणखी एकाच्या प्रहारानें एका नटीचा डोळा गेला. असले प्रहार कांहीं प्रांतांत चालत असले तरी ते क्रूर आहेत, आदरणीय नव्हेत, असा वात्स्यायनानें स्पष्ट अभिप्राय दिला आहे. त्याची दृष्टि येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. वेगळ्या आवडीस त्यानें रोग म्हटलें नाहीं. परंतु प्राणावर बेतणाऱ्या कृतीस मात्र आवडीच्या नांवाखालीं सोडून दिलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत या विषयाकडे रोग म्हणून पाहण्यास आरंभ झाला. ग्राट्स येथील मनोवैद्यकाचा प्राध्यापक रिखार्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यानें १८८६ सालीं 'सायकोपाथिया सेक्शुआलिस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्यास वेदना देण्यांत सुख मानणाऱ्या वृत्तीस त्यानें मार्की द साद या फ्रेंच लेखकाच्या नांवावरून 'सेडिझम' म्हटलें. आणि स्वतः वेदना वा मानहानि सोसण्यांत सुख मानणाऱ्या वृत्तीस लेओपोल्ड फॉन झाखर-माझोख या ऑस्ट्रियन कादंबरीकाराच्या नांवावरून 'मॅसोकिझम' असें नांव दिलें. झाखर-माझोख १८९५ पर्यंत हयात होता. आपल्या हयातींत आपलें नांव रोगास चिकटलेलें पाहण्याची पाळी त्या बिचाऱ्यावर आली! क्राफ्ट-एबिंगनें जमविलेल्या पुष्कळशा हकीकती वेड्यांच्या इस्पितळांतल्या आणि न्यायालयांतल्या होत्या. जीं माणसें सुखानें संसार करीत होतीं, तीं वैद्याकडे कशाला जातील ? केवळ तापाच्या रोग्यांवरून मनुष्याच्या शरीराचें नेहमींचें उष्णमान ठरवावें, तसा हा प्रकार झाला. परंतु त्या ग्रंथाची छाप पुढें शंभर वर्षें टिकली.

आपल्याकडे या विषयांवर मराठींत मोकळेपणानें लिहिण्याचें धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं दाखविलें. महर्षि कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. १९२७ सालीं त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. वाचक त्यांना आपल्या खासगी अडचणी पत्रानें विचारीत, आणि कर्वे त्यांस आडपडदा न ठेवतां उत्तरें देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला; त्यांचें वकीलपत्र डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें होतें. खटल्यांत कर्व्यांस दंड झाला. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट अशी, कीं ते प्रश्न विचारणारीं माणसें आपल्याच समाजांतलीं होतीं. त्यांना घरांत विचारण्यास जागा नव्हती, म्हणूनच तीं एका अनोळखी संपादकास पत्रें लिहीत होतीं.

आतां वैद्यकाची आजची भूमिका काय आहे, तें पाहूं. १९७३ सालीं अमेरिकन मनोवैद्यक संघटनेनें समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून काढलें. डेन्मार्कनें १९९५ सालीं परस्परसंमतीच्या वेदनाप्रियतेस आपल्या रोगसूचींतून वगळलें. स्वीडन आणि नॉर्वे यांनीं पुढें तोच मार्ग धरला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन रोगवर्गीकरणाच्या पांचव्या आवृत्तींत 'वेगळी कामरुचि' आणि 'कामरुचीचा विकार' असा स्पष्ट भेद केला आहे. नुसती रुचि वेगळी असणें हा विकार नव्हे. तिच्यामुळें त्या माणसास स्वतःस तीव्र क्लेश होत असतील, त्याचें नित्याचें जीवन विस्कटत असेल, किंवा दुसऱ्यास इजा पोंचत असेल, तरच तो विकार. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगसूची २०१९ सालीं संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तिनें तर वस्तूविषयींचें आकर्षण आणि परस्परसंमतीची वेदनाप्रियता हीं रोगनामेंच काढून टाकलीं. संमति नसलेले प्रकार मात्र तिनें विकार म्हणून कायम ठेवले आहेत. त्या सूचींत एक मार्मिक अट आहे. लोक आपल्याला नांवें ठेवतील किंवा दूर लोटतील, एवढ्याच भीतीनें होणारा क्लेश हा विकाराचा पुरावा मानावयाचा नाहीं. आणि दुसरी अट अशी, कीं कृति संमतीची असली तरी तींत गंभीर इजेचा वा मरणाचा धोका असेल, तर तेथें वैद्यानें लक्ष घातलें पाहिजे. वात्स्यायनाच्या आणि या सूचीच्या विचारांत किती साम्य आहे, हें सांगावयास नको.

हा बदल केवळ काळाच्या फॅशनीनें झालेला नाहीं. त्याच्यामागें पाहणी आहे. ऑस्ट्रेलियांत १९ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांस दूरध्वनीवरून प्रश्न विचारून केलेली एक पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. आदल्या वर्षांत असे प्रकार केलेल्यांचें प्रमाण सुमारें १.८ टक्के आढळलें. त्यांच्यावर इतरांपेक्षां अधिक प्रमाणांत पूर्वीं बळजबरी झाल्याचें दिसलें नाहीं, आणि तीं माणसें इतरांहून अधिक चिंताग्रस्तहि नव्हतीं. नेदर्लंड्समध्यें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा ९०२ व्यक्तींची तुलना इतर ४३४ व्यक्तींशीं केली. त्यांचें मनःस्वास्थ्य इतरांपेक्षां वाईट नव्हतें. कांहीं बाबतींत तर बरेंच होतें. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १,०४० प्रौढ व्यक्तींच्या पाहणींत (२०१७) जवळजवळ निम्म्या लोकांनीं अशा एखाद्या तरी गोष्टीविषयीं कुतूहल असल्याचें सांगितलें. या आंकड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढूं नयेत, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. डच अभ्यासांतील माणसें आपण होऊन पुढें आलेलीं होतीं. आपल्याशीं समेट झालेलीं माणसेंच पुढें येतात, कुढणारीं येत नाहींत. शिवाय हे सर्व देश परके. तथापि एक गोष्ट यांतून निश्चित होते : वेगळी रुचि दिसली म्हणजे मन बिघडलेंच, किंवा बालपणीं कांहीं आघात झालाच असला पाहिजे, हें समीकरण टिकत नाहीं.

मग आपल्या त्या विद्यार्थ्याची झोप कां उडाली ? बहुतेक वेळां झोप उडविणारी गोष्ट रुचि नसून लज्जा असते. आपण एकटेच असे आहोंत, ही समजूत. कोणाला कळलें तर काय होईल, ही धास्ती. आणि रात्रंदिवस सोंग वठविण्याचा शीण. या तिन्ही गोष्टी मनास पोखरतात. त्यांत एखाद्यानें खासगी छायाचित्र किंवा संभाषण हातीं धरून पैसे मागण्यास सुरुवात केली, तर या भीतीचा जिवावर बेतणारा परिणाम होऊं शकतो. आणखी एक हानि होते, ती सहसा ध्यानांत येत नाहीं. निराशेनें किंवा चिंतेनें ग्रासलेला असा मुलगा वैद्याकडे गेला तरी निम्मी हकीकत लपवितो. आणि अर्ध्या हकीकतीवर पुरें औषध लागू पडत नाहीं.

परंतु प्रत्येक वेळीं "यांत कांहीं नाहीं" असें म्हणून सोडून देणेंहि बरोबर नाहीं. कांहीं अवस्था दिसावयास सारख्या पण मुळांत निराळ्या असतात, आणि त्यांस खरोखर उपचार लागतो. कोणाच्या मनांत त्याला स्वतःला किळस येईल असे विचार पुनःपुन्हा घुसतात, आणि ते घालविण्यासाठीं तो तासन्‌तास झगडतो. ती त्याची रुचि नसून मंत्रचळाचा, म्हणजे वैद्य ज्यास 'ओसीडी' म्हणतात त्या विकाराचा प्रकार असूं शकतो. कोणी स्वतःचा तिरस्कार वाटतो म्हणून शिक्षेदाखल वेदना शोधतो; त्यांत सुख नसतें, तें आत्मपीडन असतें. कोणाचा अभ्यास, झोप आणि पैसा एकाच नादापायीं जातो, आणि थांबावेंसें वाटूनहि त्याला थांबतां येत नाहीं. आणि कोणी दुसऱ्याच्या दडपणाखालीं, नातें तुटूं नये म्हणून, नको असलेल्या गोष्टींस होकार देतें. जाणत्या मनोवैद्यास हा भेद करतां येतो. घरांतल्या तर्ककुतर्कानीं तो होत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचा धोका. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनीं एका मोठ्या विद्यापीठांतील चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून २०२१ सालीं ती प्रसिद्ध केली. शेवटच्या समागमाच्या वेळीं आपला गळा दाबला गेला, असें सुमारें २६ टक्के विद्यार्थिनींनीं सांगितलें. विद्यार्थ्यांत हें प्रमाण सुमारें ७ टक्के होतें. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून ही गोष्ट नेहमींचीच आहे, असा समज तरुणांत पसरतो. वस्तुस्थिति अशी आहे, कीं गळा दाबण्याची निर्धोक अशी कोणतीच रीत नाहीं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेंत अगदीं वरवर असतात. त्यांच्यावर दाब पडला तर कांहीं सेकंदांत शुद्ध जाते. वाहिनीच्या अस्तरास इजा झाली, तर बाहेर एकहि खूण न दिसतां कांहीं दिवसांनीं पक्षाघाताचा झटका येऊं शकतो. असें घडून गेल्यावर मान दुखणें, आवाज बसणें, गिळतांना त्रास, डोळ्यांपुढें अंधारी, असें कांहींहि जाणवल्यास लाज न धरतां तत्काळ रुग्णालय गांठावें. येथें दोघांची संमति होती, हें उत्तर पुरेसें नाहीं. शरीर संमतिपत्र वाचीत नाहीं.

संमति हा शब्दहि नीट समजून घेतला पाहिजे. न बोलणें म्हणजे संमति नव्हे. दारूच्या अमलाखालीं दिलेली संमति ही संमति नव्हे. एकदां दिलेली संमति कोणत्याहि क्षणीं मागें घेतां आली पाहिजे. जेथें 'पुरे' म्हटल्यावर थांबत नाहींत, तेथें खेळ संपून अत्याचार सुरू होतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमति २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानें ग्राह्यच धरलेली नाहीं. 'किंक' हें नांव पुढें करून मारहाण करणारे, पैशांची नाडी आवळणारे आणि मैत्रिणींपासून तोडणारे लोकहि असतात. मुलींना हें स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे, आणि मुलांनाहि.

घरांतल्या वडील माणसांनीं काय करावें ? एखादे दिवशीं आपल्या मुलाविषयीं किंवा सुनेच्या भावाविषयीं असें कांहीं कानांवर आलें, तर पहिला नियम असा, कीं त्याच दिवशीं बोलूं नये. रागाच्या भरांत उच्चारलेला 'विकृत' हा एक शब्द मूल जन्मभर विसरत नाहीं. सज्ञान मुलाचा फोन चोरून तपासूं नये; तपासून दिसतें तें अर्धवट, आणि जातो तो विश्वास पुरता. बैठकींत चारचौघांपुढें चौकशी मांडूं नये. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग अशा वेळींच होतो. आईबापांशीं जें बोलवत नाहीं तें मूल आत्याशीं, मावशीशीं किंवा धाकट्या काकांशीं बोलूं शकतें. घरांत असें एक माणूस असावें, आणि तें गोष्ट पोटांत ठेवील अशी मुलांची खात्री असावी. त्या माणसानें तपशील विचारूं नयेत. तीनच प्रश्न पुरेत : यांत तुझ्यावर कोणाची बळजबरी आहे का ? तुला किंवा दुसऱ्याला इजा होते आहे का ? याच्या काळजीनें तुझें जेवणखाण, झोप, अभ्यास बिघडला आहे का ? तिन्हींचें उत्तर 'नाहीं' असेल, तर विषय तेथेंच मिटवावा. एकाचेंहि 'होय' आलें, तर मदत घ्यावी.

दुसरा नियम लग्नाविषयीं. "दोनाचे चार हात केले म्हणजे डोकें ताळ्यावर येईल," हें आपल्याकडचें जुनें औषध आहे. त्यानें रोग असला तर बरा होत नाहीं, आणि रोग नसला तर नवा उत्पन्न होतो. ज्या परक्या मुलीस किंवा मुलास अंधारांत ठेवून घरांत आणावयाचें, त्याचा यांत काय अपराध ?

मदत कोठें मिळते, तेंहि ठाऊक असावें. पुष्कळ महाविद्यालयांत समुपदेशक असतात. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतहि बोलतां येतें. जीव नकोसा झाल्याची भाषा मुलाच्या तोंडीं आली, तर कारणाची चर्चा करीत न बसतां त्यास एकटें न सोडणें आणि त्याच दिवशीं वैद्य गांठणें, एवढेंच करावें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. समाजाच्या नीतिकल्पनांशीं किंवा चालीरीतींशीं एखाद्याचें पटत नाहीं, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवूं नये, असेंहि त्याच कायद्यांत म्हटलें आहे. जो वैद्य तपासण्याआधींच 'हें सोडवून देतों' अशी हमी देईल, त्याच्या वाटेस न जाणें बरें.

महिम्नस्तोत्र म्हणणाऱ्या घरांत माणसांच्या रुचि नाना प्रकारच्या असतात, हा विचार नवा नाहीं. तो देवघरांत जितका सोपा वाटतो तितका माजघरांत वाटत नाहीं, एवढेंच. कोणती रुचि आपल्याला आवडावी, असा आग्रह या लेखाचा नाहीं. न आवडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. आग्रह इतकाच, कीं न आवडणें आणि रोग असणें या दोन गोष्टी आपण एक मानूं नयेत, आणि खरा धोका जेथें आहे तेथें संकोचानें मौन धरूं नये. १९३४ सालीं ज्यांनीं कर्व्यांना पत्रें लिहिलीं त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनीं तरी आपले प्रश्न अनोळखी माणसास विचारण्यापूर्वीं एकदां घरांत विचारून पाहावेत, असें आपलें घर असावें.